दीपनगरची राख कुणाची?

भुसावळहून वरणगावकडे निघालेली काळीपिवळी फेकरीला थांबते आणि निम्मी गाडी तिथेच रिकामी होते. उतरणाऱ्यांत हातात डबा घेतलेले कंत्राटी कामगार जास्त. त्यांच्या मागोमाग मीही उतरलो. होळी चार दिवसांवर आली होती आणि खानदेशातलं ऊन सकाळी दहालाच अंगावर येत होतं. समोर दीपनगरच्या चिमण्या, त्यांच्या शेजारी रुंद बुडाचे कूलिंग टॉवर आणि कोळशाच्या वाघिणी रिकाम्या होण्याचा खडखडाट.

दीपनगरच्या या भुसावळ औष्णिक विद्युत केंद्राचा इतिहास महाराष्ट्राच्या विजेच्या भुकेसोबत वाढत गेला आहे. पहिला संच 1968 साली सुरू झाला, तो साठ मेगावॅटच्या आसपासचा. मग 210 मेगावॅटचे दोन, 1979 आणि 1982 मध्ये. तीस वर्षांनी, 2012 आणि 2014 मध्ये, 500 मेगावॅटचे दोन संच आले. 2018 च्या सुरुवातीला 660 मेगावॅटच्या सुपरक्रिटिकल संचाचं काम 'भेल'कडे गेलं. पहिले दोन जुने संच निवृत्त झाले आहेत. जागा इथलीच का निवडली, हे नकाशा पाहिला की कळतं. भुसावळ हे मध्य रेल्वेचं मोठं जंक्शन, त्यामुळे विदर्भाचा कोळसा दारात येतो. पाण्यासाठी तापी आहे, वर हतनूरचं धरण आहे. आणि जमीन होती फेकरी, निंभोरा, पिंप्रीसेकम, वेल्हाळे या गावांची.

मला चिमणीपेक्षा चिमणीच्या खाली काय होतं ते पाहायचं होतं. विजेच्या एका युनिटमागे साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला, तर एक कोटी वीस लाख युनिटं तयार होतात आणि सात-आठ हजार टन कोळसा संपतो. आपल्याकडच्या कोळशात गंधक कमी, पण राख भरमसाट. तीस-पस्तीस टक्के तर सहजच, कधी चाळीस. म्हणजे एका संचाची एका दिवसाची राख अडीच हजार टनांच्या घरात जाते. त्यातली सुमारे वीस टक्के जड राख भट्टीच्या तळाशी पडते आणि उरलेली पिठासारखी बारीक राख धुरासोबत वर निघते. तिला चिमणीपर्यंत पोहोचू न देण्याचं काम ईएसपी नावाची यंत्रणा करते. धूर धातूच्या उंच पत्र्यांमधून नेतात, तिथे प्रचंड दाबाच्या विजेने राखेच्या कणांवर भार चढतो, कण पत्र्यांना चिकटतात, ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर आपटतात आणि राख खालच्या कोठीत पडते. यंत्रणा नीट राखली तर शंभरातले नव्याण्णवहून जास्त कण पकडले जातात.

प्रदूषण नियंत्रणाच्या बहुतेक चर्चा इथे थांबतात. राख पकडली, चिमणीतून निघणारा धूर पांढुरका झाला, मोजमापाचा आकडा मर्यादेत आला, काम झालं. पण पकडलेली अडीच हजार टन राख कोठीत राहू शकत नाही. ती कोरडी उचलली जाते, नाहीतर पाण्यात कालवून नळांतून राखेच्या तळ्याकडे जाते. दीपनगरच्या राखेसाठी हे तळं वेल्हाळ्याकडे आहे. गावातली माणसं त्याला नुसतं 'बंड' म्हणतात.

बंडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मला दोन तासांत किती डंपर भेटले ते मोजायचं मी थोड्या वेळाने सोडून दिलं. ताडपत्री होती, काहींवर नीट बांधलेली, काहींवर एका बाजूने फडफडणारी. कडेच्या बाभळी राखाडी झाल्या होत्या. पाणी असलेल्या भागात तळं शांत दिसतं. जिथे पाणी आटून पृष्ठभाग सुकला आहे, तिथून दुपारचा वारा राख उचलतो आणि ती मैलभर पसरलेली दिसते. फाल्गुन ते ज्येष्ठ हे तिचे खरे दिवस. चिमणीआधी अडवलेले तेच कण इथे जमिनीच्या उंचीवर, माणसाच्या नाकाच्या पातळीवर फिरतात.

त्याच रस्त्यावरच्या एका भिल्ल वस्तीवर मी थांबलो. पंधरा-वीस घरं, बहुतेक भूमिहीन. बायका कापूस वेचायला आणि निंदणीला जातात, पुरुष केळीच्या बागांत घड उतरवतात, गाड्यांवर जातात, वीटभट्टीला जातात. एका मावशींनी पाण्याचा तांब्या दिला आणि त्यावर झाकण ठेवूनच दिला. त्यांचा मुलगा राखेच्या डंपरवर क्लीनर आहे.

"सकायी धुनं वाळत टाकलं का दुपारी पुन्हा धुवा लागते," त्या म्हणाल्या. "राख बंद करा म्हनलं त पोराचं काम जाते. काम पाहिजे म्हनलं त राख खावा लागते. तुमीच सांगा भाऊ, आमी काय म्हनाव?"

या प्रश्नासाठीच मी दीपनगरला गेलो होतो. गरिबाला हवा स्वच्छ हवी की रोजगार, असा वाद शहरात बसून फार सोपा वाटतो. मावशींच्या अंगणात दोन्ही गोष्टी एकाच डंपरमधून येतात. माझं मत तिथून निघताना पक्कं झालं होतं आणि पुढच्या प्रवासात ते बदललं नाही: या दोन गोष्टींमध्ये निवड करायची पाळी त्या मावशींवर यावी, हेच मुळात अन्याय्य आहे. राख झाकून नेणं, ओली ठेवणं, तिच्या विटा करणं, सुकलेल्या तळ्यावर माती टाकून झाडं लावणं, ही सगळी प्रदूषण रोखण्याची कामं आहेत आणि यातलं प्रत्येक काम म्हणजे रोजगार आहे. प्रश्न फक्त एवढाच की तो कुणाच्या वाट्याला येतो.

राखेत पैसा आहे, याविषयी आता कुणाला शंका नसावी. सिमेंट कारखान्यांना ती हवी असते, रस्त्यांच्या भरावाला हवी असते, वीटवाल्यांना हवी असते. परळीच्या औष्णिक केंद्रातल्या राखेभोवती पैशासाठी कशी दमदाटी चालते, याच्या बातम्या 2024 च्या अखेरीपासून महाराष्ट्राने रोज वाचल्या. जिथे पैसा आणि दमदाटी एकत्र येतात, तिथे भिल्ल वस्तीतला मुलगा क्लीनरच राहतो, डंपरचा मालक होत नाही. राखेच्या वापराचे नियम केंद्र सरकारने 14 सप्टेंबर 1999 ला पहिल्यांदा केले. 2009 च्या दुरुस्तीत वीट आणि ठोकळे करणाऱ्यांसाठी कोरड्या राखेतला किमान वीस टक्के वाटा प्राधान्याने ठेवायला सांगितलं. 2016 मध्ये महाराष्ट्राने राखेच्या वापराचं स्वतःचं धोरण आणलं. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने तर राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक केला. या सगळ्या कागदांत उद्योजक आहे, कंत्राटदार आहे, वाहतूकदार आहे. राखेशेजारी राहणारं कुटुंब त्यांत हक्कदार म्हणून कुठेही नाही.

तापीकाठच्या वीटभट्ट्यांवर हे जास्त स्पष्ट दिसतं. मातीत राख मिसळली की माती कमी लागते, सुपीक गाळ वाचतो. उद्देश चांगलाच आहे. पण भट्टीवर राख कालवणारी जोडपी उघड्या हातांनी आणि तोंडाला पदर बांधून कालवतात. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते, दिवाळीपूर्वी घेतलेली उचल त्यातून वळती होते आणि पावसाच्या तोंडावर हिशेब झाला की हातात थोडं उरतं किंवा उरतही नाही. त्यांत भिल्ल आहेत, सातपुड्यातून उतरलेले पावरा आहेत.

आता चिमणीबद्दल, कारण तिथेही बरंच काही बिघडलं आहे. 7 डिसेंबर 2015 ला पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक केंद्रांसाठी नवी मानकं आणली. 2003 नंतर आणि 2017 च्या आधी उभ्या राहिलेल्या 500 मेगावॅटच्या संचांना एका घनमीटर वायूत धूलिकण 50 मिलिग्रॅम आणि सल्फर डायऑक्साइड 200 मिलिग्रॅम एवढीच मुभा होती. 2017 नंतरच्या संचांना त्याहून कडक, 30 आणि 100. सल्फर डायऑक्साइड पकडायला एफजीडी नावाची यंत्रणा लागते. चुनखडीची पूड पाण्यात कालवून तिचा फवारा धुरावर मारतात, गंधक चुन्याशी जोडलं जातं आणि शेवटी जिप्सम हाती येतं. खर्च मोठा, मेगावॅटमागे एक कोटी रुपयांच्या वर. मुदत दोन वर्षांची होती. ती 2022 पर्यंत वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली.

दरम्यान, 2021 मध्ये वीजकेंद्रांचे तीन गट पाडले गेले. दिल्ली परिसराच्या किंवा दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहराच्या दहा किलोमीटरांत असलेली केंद्रं पहिल्या गटात. अतिप्रदूषित क्षेत्राच्या किंवा हवेची मानकं न गाठणाऱ्या शहराच्या दहा किलोमीटरांतली दुसऱ्या. बाकी सगळी तिसऱ्या. 11 जुलै 2025 च्या अधिसूचनेने तिसऱ्या गटाला, चिमणीच्या उंचीची अट पाळली तर, सल्फर डायऑक्साइडच्या मानकातून सूट दिली. देशातले सुमारे 78 टक्के संच या गटात येतात. सरकारचा युक्तिवाद असा की आपल्या कोळशात गंधक कमी आहे आणि हा खर्च शेवटी वीजबिलात येतो. त्यावर शास्त्रज्ञांचं उत्तर असं की सल्फर डायऑक्साइडचे हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात, फुप्फुसात खोल उतरतात.

मला यातली मोजपट्टी खटकते. जळगाव शहर हवेची मानकं न गाठणाऱ्या शहरांच्या राष्ट्रीय यादीत आहे, पण ते दीपनगरपासून दहा किलोमीटरांत नाही. भुसावळ जवळ आहे, पण 2011 च्या जनगणनेत त्याची वस्ती दोन लाखही नव्हती. फेकरी आणि वेल्हाळे तर या हिशेबात येतच नाहीत. धूर किती लोकांच्या छातीत जातो, यापेक्षा ते लोक शहरात राहतात का, हे नियमाने आधी विचारलं आहे.

हवा की रोजी हा पेच फक्त दीपनगरचा नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात नावाहो आदिवासींच्या भूमीवर 2250 मेगावॅटचं एक कोळशाचं वीजकेंद्र होतं. 1970 च्या दशकात उभं राहिलेलं. त्याची वीज कोलोरॅडो नदीचं पाणी उपसून फिनिक्स आणि टूसॉनकडे नेई, आणि तारांच्या खाली राहणाऱ्या हजारो नावाहो घरांत दिवा नव्हता. ग्रँड कॅन्यनवर धुरकं साचतं म्हणून 1990 च्या दशकात गंधक पकडणारी यंत्रणा बसली. पुढे नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी आणखी महाग यंत्रणा बसवा, असं सरकार म्हणू लागलं तेव्हा मोठा वाद झाला. केंद्रातले आणि त्याला कोळसा पुरवणाऱ्या खाणीतले बहुतेक कामगार आदिवासी होते, आणि होपी जमातीच्या सरकारचं बरंचसं उत्पन्न या कोळशावर अवलंबून होतं. नियंत्रण आणलं तर रोजी जाईल, ही भीती खरी होती. बऱ्याच वाटाघाटींनंतर 2014 मध्ये तडजोड झाली: एक संच कमी करायचा, उरलेल्यांना सवड द्यायची. पण नोव्हेंबर 2019 मध्ये केंद्र कायमचं बंद झालं ते स्वस्त नैसर्गिक वायूच्या स्पर्धेत टिकलं नाही म्हणून. 2020 च्या डिसेंबरात चिमण्याही पाडल्या. आदिवासींना सवड मिळाली होती, पण त्या सवडीत दुसरी उपजीविका पुरेशी उभी राहिली नव्हती. दीपनगरच्या आसपासच्या गावांनी हे लक्षात ठेवावं. कोळशाचे दिवस कधी ना कधी संपणार आहेत, आणि ते संपवणारा नियम पर्यावरण खात्याचाच असेल असं नाही.

हतनूरच्या भिंतीवर संध्याकाळी उभा राहिलो. 41 दरवाज्यांचं हे धरण, मागे तापी-पूर्णेचा संगम, चांगदेवाचं देऊळ. याच पाण्याची वाफ होऊन दीपनगरची चक्रं फिरतात, आणि याच खोऱ्यातल्या विजेवर रावेर-यावलच्या केळीबागांचे पंप चालतात. दुसऱ्या दिवशी सावदा, फैजपूर करत सातपुड्याच्या पायथ्याला गेलो. फैजपूर म्हणजे 1936 साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. तिथून पाल गावाकडे रस्ता चढू लागला की केळी मागे पडते आणि पळस सुरू होतो. होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारांचे दिवस होते. ढोल, चांदीचे दागिने, गुळाची जिलेबी, डाळ्या आणि हार-कंगन विकणारी दुकानं. जळगाव जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार दर सात माणसांत एक आदिवासी आहे, धुळ्यात जवळपास दर तिघांत एक. इथे तडवी आहेत, पावरा आहेत, भिल्ल आहेत. बाजारात भेटलेली कितीतरी तरुण मुलं खालच्या वीटभट्ट्यांवरून आणि उसाच्या फडांवरून खास सणाला परतली होती.

डोंगराआडच्या पाड्यांत अजून सौर दिव्यावर भागवणारी घरं आहेत. अभयारण्यातून तारा नेण्याची परवानगी सहज मिळत नाही, आणि वनहक्काचे दावे 2006 च्या कायद्याला दोन दशकं होत आली तरी कित्येक घरांत कागदांच्या पिशवीतच आहेत. खाली मैदानात तयार होणारी वीज मुंबई-पुण्यापर्यंत जाते. सातपुड्यातून मैदानात माणूस जातो, मजूर म्हणून.

कोळसा सोडून सूर्य-वाऱ्याकडे वळलं की हा प्रश्न आपोआप सुटेल, असं मानणाऱ्यांनी धुळे जिल्ह्यात जावं. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या डोंगरांवर पवनचक्क्यांची रांगच्या रांग आहे. शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 पासून आहे. राख नाही, धूर नाही, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण चराईची जमीन, गायरान, अतिक्रमण म्हणून नोंदलेली आदिवासींची शेती, हे प्रश्न तिथेही उभे राहिलेच. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील हे वृद्ध शेतकरी वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालत होते. 22 जानेवारी 2018 ला त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि 28 जानेवारीला ते गेले. ते आदिवासी नव्हते, साधे शेतकरी होते. त्यांची ही गत झाली, तर ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याचं काय होत असेल?

कायद्याची एक फट दीपनगरला फार नडते. चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला काही अधिकार दिले आहेत. भुसावळ तालुका त्यात नाही. इथला भिल्ल आदिवासी असूनही त्याची ग्रामसभा साधी ग्रामसभा आहे. दुसरी फट पैशाची. कोळसा जिथून निघतो त्या चंद्रपूर-यवतमाळमध्ये जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, खाणीच्या स्वामित्वधनाच्या ठरावीक टक्क्यांएवढी रक्कम बाधित गावांसाठी बाजूला पडते. तोच कोळसा जळून त्याची राख जिथे साचते, त्या गावांसाठी असा कुठलाही निधी नाही.

तो निर्माण करायला नवं काही शोधावं लागत नाही. 2021 च्या अधिसूचनेतच तरतूद आहे: न वापरलेल्या राखेवर टनामागे 1000 रुपये पर्यावरणीय भरपाई. ही रक्कम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या खात्यात जमा व्हायची आहे. तिचा आणि राखेच्या विक्रीचा एक निश्चित वाटा राखेच्या तळ्याभोवतीच्या ग्रामपंचायतींना द्या. राखेच्या विटांचे, वाहतुकीचे, तळ्यावरच्या वृक्षारोपणाचे परवाने देताना तिथल्या आदिवासी आणि भूमिहीन कुटुंबांच्या सहकारी संस्थांना आधी विचारा. तळ्याकाठी हवा मोजणारं यंत्र बसवा आणि त्याचा आकडा रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. आणि दहा किलोमीटरांची मोजपट्टी शहरापासून न धरता चिमणीपासून धरा. एफजीडीचा खर्च वीजबिलात येईल म्हणून ओरड होते. युनिटमागे काही पैसे वाढले तर पुण्या-मुंबईच्या माझ्यासारख्या ग्राहकाने ते देण्यात मागेपुढे पाहू नये, कारण आजवर ती किंमत आपण भरलेलीच नाही.

परत येताना फेकरीच्या थांब्यावर एका कंत्राटी कामगाराने मला विचारलं, लिहून काय होईल? मी त्याला 2021 च्या अधिसूचनेतल्या त्या कलमाची गोष्ट सांगितली. त्याला ती ठाऊक नव्हती. मग ती मी वहीच्या पानावर मराठीत लिहून त्याच्या हाती दिली. वेल्हाळे, फेकरी, निंभोरा, पिंप्रीसेकम इथल्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे: 1 मेच्या ग्रामसभेत त्या कलमाविषयी वाचून दाखवा, आपल्या गावाशेजारी किती टन राख पडून आहे याचा हिशेब वीजकेंद्राकडे लेखी मागा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या.